एकाच वेळी दोन ब्लड कॅन्सर : दोन खाती वेगळी कशी ठेवायची

माझ्या बोन मॅरोच्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाच्या, रिपोर्टमध्ये शेवटच्या परिच्छेदात दोन निदानं होती. मल्टिपल मायलोमा, तसेच सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया). सगळा फरक त्या ‘तसेच’मध्ये होता. मी तीनदा वाचलं आणि मनात आलं, कुणा दुसऱ्याच्या ओळी माझ्या कागदावर आल्या असणार. छत्तीस वर्षं हिशेब तपासण्यात गेली. एका पावतीवर दोन नोंदी दिसल्या की मी आधी कारकुनाची चूक शोधतो. इथे चूक नव्हती.

त्याला आता चार वर्षं होतील. मी डॉक्टर नाही आणि कुठलं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण दोन आजार एकाच अंगात असले की घोळ कुठे होतो, कुठला प्रश्न कुणाला विचारायचा आणि काय लिहून ठेवायचं, एवढं मला सांगता येईल. माझी पद्धत साधी आहे. एक जाड वही, प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे मायलोमा, उजवीकडे सीएलएल. प्रत्येक तक्रार, प्रत्येक आकडा, प्रत्येक गोळी या दोनपैकी कुणाच्या खात्यावर टाकायची ते ठरवायचं. ठरत नसेल तर रेघेवर लिहायचं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं तेच विचारायचं.

आजार खरंच दोन आहेत का?

हे आधी पक्कं करा. सीएलएल हा बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा. आणि प्लाझ्मा पेशी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, बी-पेशीच पुढे पिकून प्लाझ्मा पेशी होते. म्हणजे हे दोघे एकाच घराण्यातले. त्यातून काही लिम्फोमा (लसिका ग्रंथींचे कॅन्सर) असे असतात की त्यांच्याच काही पेशी प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात. तेव्हा ‘दोन आजार’ असं दिसलं तरी तो दोन सोंगं घेतलेला एकच आजार असू शकतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात.

याचा उलगडा फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत, होतो. सीएलएलच्या पेशींवर सीडी५, सीडी१९, सीडी२३ या खुणा असतात. प्लाझ्मा पेशींवर सीडी३८ आणि सीडी१३८. पण खरा पुरावा लाइट चेनचा, म्हणजे अँटिबॉडीच्या लहान साखळीचा. बी-पेशींचं प्रत्येक कूळ कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकाच प्रकारची चेन बनवतं. माझ्या सीएलएलच्या पेशी कॅपावाल्या निघाल्या आणि मायलोमाच्या लॅम्डावाल्या. म्हणजे दोन स्वतंत्र कुळं, योगायोगाने एकाच मॅरोत राहायला आलेली. दोन्हीकडे एकच चेन आली तर प्रश्न सुटत नाही. मग त्या पेशींच्या अँटिबॉडी-जनुकांचा क्रम जुळवून पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट फिश तपासणीची, आणि इथे मी वाचकाचा हात धरून थांबवीन. या तपासणीत पेशींच्या गुणसूत्रांतले तुकडे गळालेत का, जागा बदललेत का ते पाहतात. माझ्या पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘१३क्यू डिलीशन आढळले’, म्हणजे तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला. बरं, पण कुणाचं? सीएलएलमध्ये एकटं १३क्यू गळालेलं असणं ही चांगली बातमी मानतात. मायलोमातही तेच १३क्यू गळतं, पण तिथे त्याचा अर्थ तसा लागत नाही. सगळ्या पेशी एकत्र कालवून तपासणी केली तर या वाक्यावरून काहीच कळत नाही. १७पीचंही (सतराव्या गुणसूत्राचा तुकडा) तसंच, आणि ते तर दोन्ही आजारांत वाईट लक्षण. मायलोमाची फिश तपासणी सीडी१३८वाल्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यावर करायची असते. माझ्या बाबतीत ती तशी झाली नव्हती. स्लाइड्स आणि उरलेला नमुना दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे गेला आणि मग १३क्यू सीएलएलच्या खात्यावर चढलं. म्हणून विचारायचं वाक्य असं: “ही तपासणी कुठल्या पेशींवर केली?” विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

जुने रिपोर्टही शोधून काढा. सीएलएल म्हणायला रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० किंवा जास्त त्या बी-पेशी आणि त्याही तीन महिने टिकलेल्या लागतात. माझ्या फायलीत दोन वर्षांपूर्वीचा एक रक्ताचा रिपोर्ट सापडला, लिम्फोसाइट ११,०००, शेजारी ठळक अक्षरात ‘एच’, म्हणजे हाय. तो कुणीच पाहिला नव्हता. मीही नाही, ज्याचा जन्म दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल खुणा करण्यात गेला.

एकच आकडा दोन खात्यांवर चढतो

निदान झालं की ‘स्टेज कुठली’ हा प्रश्न घरातले सगळे विचारतात. दोन आजार असताना स्टेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कारण सांगतो.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाची एक रक्ततपासणी आहे. मायलोमाच्या स्टेजिंगमध्ये ती ५.५च्या पुढे गेली की तिसरी स्टेज. सीएलएलच्या धोक्याच्या हिशेबात ३.५च्या पुढे गेली की गुण वाढतात. आता हा पदार्थ दोन्ही आजारांत वाढतो, आणि वर मूत्रपिंड नीट चालत नसेल तर साठूनही राहतो. माझा ६.१ होता. एकीकडे स्टेज चढली, दुसरीकडे धोक्याचे गुण, एकाच रकमेची दोनदा नोंद झाल्यासारखी.

हिमोग्लोबिनचंही तेच. सीएलएलची राय स्टेजिंग पद्धत १९७५ची. तिच्यात हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर थेट तिसरी स्टेज. माझं ९.२ होतं. पण ते सीएलएलनेच खाली आलं कशावरून? मॅरोत प्लाझ्मा पेशी ३५ टक्के होत्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.९ होतं, रक्त कमी व्हायला ही दोन कारणं पुरेशी होती. माझ्या डॉक्टरीणबाईंनी सीएलएलच्या स्टेजपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, “काका, हे सहा महिन्यांनी ठरवू.” मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या कागदावरची सगळ्यात प्रामाणिक खूण तीच होती.

आधी कुठला?

नियम असा आहे की जो आजार आत्ता नुकसान करतोय, तो आधी. ऐकायला सोपा आहे, पण आकडे फसवतात. माझ्या पांढऱ्या पेशी ३८,००० होत्या. घरी सगळ्यांचं लक्ष त्याच आकड्यावर. प्रत्यक्षात सीएलएलमध्ये नुसता आकडा मोठा आहे म्हणून उपचार सुरू करत नाहीत. उपचाराची कारणं वेगळी आहेत: सीएलएलमुळे मॅरो दबून हिमोग्लोबिन १०च्या किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणं, लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं, गाठी किंवा प्लीहा फार मोठी होणं, सहा महिन्यांत दहा टक्के वजन जाणं, संसर्ग नसताना दोन आठवडे ताप, महिनाभर रात्री घामाने कपडे भिजणं. यातलं काही नसेल तर लक्ष ठेवून थांबायचं.

मायलोमाचं नुकसान मात्र दिसत होतं. पाठीचा बारावा मणका दबला होता, मूत्रपिंडावर ताण आला होता. मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही विचारून पाहा: “यातला फक्त एकच आजार उद्या नाहीसा झाला, तर माझ्या कुठल्या तक्रारी जातील?” उत्तर आलं, “मायलोमा गेला तर जवळजवळ सगळ्या. सीएलएल गेला तर फारशी कुठलीच नाही.” क्रम ठरला.

तुमची जोडी वेगळी असेल. एक अ‍ॅक्यूट ल्युकेमिया आणि एक संथ आजार असेल तर बहुधा अ‍ॅक्यूटपुढे दुसऱ्याला थांबावं लागतं. तिथे दिवस मोजले जातात. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) सोबत असेल तर त्याची गोळी दुसऱ्या उपचारासोबत चालू ठेवता येईल का हा प्रश्न येतो. प्रत्येक जोडीचा तपशील वेगळा, वहीतली रेघ तीच.

एका दगडात दोन पक्षी?

हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. दोन्ही आजार बी-पेशींच्या घराण्यातले, मग दोघांना लागू पडणारं एकच औषध का नाही? मी रात्र रात्र वाचून दोन नावं काढली आणि मोठ्या अभिमानाने डॉक्टरांपुढे ठेवली.

पहिलं लेनालिडोमाइड. मायलोमात ते मुख्य औषधांपैकी एक. सीएलएलवरही त्याचा परिणाम होतो, पण तिथे गाठी एकदम सुजून दुखायला लागणं हा त्याचा माहीत असलेला त्रास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वयस्कर सीएलएल रुग्णांना पहिला उपचार म्हणून ते दिलेली ‘ओरिजिन’ नावाची चाचणी २०१३मध्ये थांबवावी लागली, कारण त्या गटात मृत्यू जास्त दिसले.

दुसरं व्हेनेटोक्लॅक्स. सीएलएलमध्ये उत्तम. मायलोमातही करून पाहिलं गेलं, ‘बेलिनी’ चाचणीत. आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढला, पण मृत्यूही जास्त झाले, आणि २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला. ज्यांच्या मायलोमात ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल असते, त्यांना मात्र फायदा दिसला. माझ्यात ती नव्हती. तुमच्यात आहे का हे फिशच्या रिपोर्टात सापडेल. असेल तर निदान विषय काढायला जागा आहे.

याचा अर्थ सामाईक औषध नसतंच असं नाही. पण ‘दोन्हीवर चालतं’ आणि ‘दोन्ही असलेल्या माणसाला चालतं’ यांत फरक आहे. मोठ्या चाचण्यांमध्ये दुसरा कॅन्सर चालू असलेल्या रुग्णांना सहसा घेतच नाहीत. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी डॉक्टरांकडे थोड्याथोडक्या रुग्णांचे अनुभव असतात, ठोस नियमावली नसते. म्हणून आपली केस एका डॉक्टरांऐवजी ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे चार जणांच्या चर्चेत जावी असा आग्रह धरा.

पहिल्या उपचाराचे दिवस

मायलोमासाठी मला डॅराटुमुमॅब, बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन सुरू झालं. त्यातून शिकलेल्या काही गोष्टी.

पहिलं डॅराटुमुमॅब देण्याआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या. हे औषध सीडी३८ला चिकटतं, आणि सीडी३८ थोडंसं तांबड्या पेशींवरही असतं. त्यामुळे पुढे रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढीच्या क्रॉसमॅचमध्ये कुठलीच पिशवी जुळत नाही असं दिसतं. रक्तपेढीला औषध माहीत असेल तर त्यांच्याकडे तोड असते. माहीत नसेल तर तासन् तास जातात. औषध थांबवल्यावरही काही महिने हे सांगत राहायचं.

बोर्टेझोमिबने हातपाय बधिर होतात, झिणझिण्या येतात. ‘थोडंसं होतंय’ म्हणून गप्प बसू नका, लवकर सांगितलं तर डोस कमी करता येतो. मी रोज सकाळी शर्टाच्या गळ्याचं बटण लावताना मनात आकडे मोजायचो. पाचव्या आकड्याला लागायचं ते नवव्या आठवड्यात सतरावर गेलं. वहीतली ती ओळ दाखवल्यावर आठवड्यातून दोनदाचं इंजेक्शन एकदावर आलं. याच औषधाने नागीण उठण्याची शक्यता वाढते, म्हणून सोबत असायक्लोव्हिरची गोळी असते. ती कंटाळून सोडू नका.

डेक्सामेथासोन सकाळीच घ्या. मला चार मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या असायच्या, इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. पहिल्या वेळी मी त्या संध्याकाळी सातला घेतल्या आणि पहाटे चारपर्यंत वीस वर्षांच्या पावत्या तारखेवार लावत बसलो होतो. बायकोने उठून दिवा बंद केला.

आणि आता कॅपाची गोष्ट. चौथ्या महिन्यात इम्युनोफिक्सेशनमध्ये, म्हणजे कॅन्सरच्या पेशींनी बनवलेली अँटिबॉडी पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, माझी लॅम्डाची पट्टी जवळजवळ नाहीशी झाली आणि नवीन बारीक आयजीजी-कॅपा पट्टी उमटली. माझा सीएलएल कॅपाचा! मी ठरवून टाकलं की एक चोर बांधला तेवढ्यात दुसरा सुटला. दोन रात्री झोप नाही. डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहून हसल्या. डॅराटुमुमॅब ही स्वतःच एक आयजीजी-कॅपा अँटिबॉडी आहे. ती पट्टी औषधाची होती. सीएलएलही कधी कधी बारीक पट्टी सोडतो, म्हणून त्यांनी खात्री करून घेतली, पण ती औषधाचीच निघाली. नवीन औषध सुरू होताना विचारून ठेवा: “याने कुठल्या तपासण्यांचे आकडे फसवे दिसतील?”

दुसऱ्याची पाळी

वीस महिन्यांनी मानेत गाठी आल्या, प्लेटलेट ८४,०००वर उतरल्या. हे कुणाच्या खात्यावर? मायलोमा उलटला, औषधाचा परिणाम, की सीएलएल? रेघेवर लिहिलं. पुन्हा बोन मॅरो झाली: प्लाझ्मा पेशी २ टक्के, लिम्फोसाइट ७० टक्के. उत्तर मिळालं. ही दुसरी मॅरो टाळू नका. तपासणी नकोशी असते हे मान्य, पण अंदाजाने चुकीच्या आजाराचं औषध बदलणं त्याहून महागात पडतं. गाठी झपाट्याने वाढल्या किंवा एलडीएच नावाचा रक्तातला आकडा एकदम उसळला तर गाठीची बायोप्सीही लागते, कारण सीएलएल क्वचित आक्रमक लिम्फोमात बदलतो.

मला सीएलएलसाठी अकॅलब्रुटिनिब सुरू झालं. या गटातल्या औषधांनी पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले लिम्फोसाइट उलट वाढतात, कारण ते गाठींतून बाहेर पडून रक्तात येतात. आकडा वर, गाठी खाली. घाबरू नका, पण गाठींचं माप लिहा.

या टप्प्यावर औषधं एकमेकांच्या पायात पाय घालतात. डेक्सामेथासोनसोबत मला पोटासाठी पॅन्टोप्राझोल होतं. अकॅलब्रुटिनिबची कॅप्सूल अशा आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर नीट शोषली जात नाही. तिचं गोळीच्या रूपातलं औषध चालतं. ते बदलून घेतलं. लेनालिडोमाइड घेणाऱ्यांना गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध देतात, आणि इब्रुटिनिब-अकॅलब्रुटिनिब या गटाने रक्तस्राव वाढतो. दोन्ही एकत्र आली तर हे गणित डॉक्टरांनी बसून सोडवायला हवं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरची काही औषधं या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण फार वाढवतात. सर्दीखोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी पूर्ण यादी पुढे ठेवा. सीएलएलसाठी रिटुक्सिमॅब किंवा ओबिनुटुझुमॅब ठरलं तर हिपॅटायटिस बीची तपासणी आधी. झोपलेला विषाणू या औषधांनी जागा होतो. व्हेनेटोक्लॅक्स असेल तर डोस पाच आठवड्यांत २०, ५०, १००, २००, ४०० मिलिग्रॅम असाच चढवतात, भरपूर पाणी आणि ठरलेल्या वेळच्या रक्ततपासण्यांसह, म्हणजे पेशी एकदम फुटून मूत्रपिंडावर लोट येत नाही.

रेघेच्या दोन्ही बाजूंना लागू

प्रतिकारशक्ती दोन्ही आजार खातात, आणि औषधंही. जिवंत विषाणूंच्या लशी घ्यायच्या नाहीत. न्यूमोकोकल, फ्लू आणि नागिणीची रीकॉम्बिनंट (जिवंत विषाणू नसलेली) लस यांबद्दल उपचाराआधीच विचारा. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या, काढायचा दात आधीच काढून घ्या. नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

पाठदुखीच्या गोळ्या हा माझा स्वतःचा दुखरा विषय. निदानाआधी सहा आठवडे एका दवाखान्यातून मला डायक्लोफेनॅक दिलं गेलं. क्रिएटिनिन १.१ होतं ते १.९ झालं. मायलोमात मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं, तिथे या गटातली वेदनाशामकं नकोत. पॅरासिटामॉल चालतं, पण घेण्याआधी ताप मोजा, नाहीतर ताप झाकला जातो.

वहीच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटवलेला आहे, त्याचा फोटो बायकोच्या आणि मुलाच्या फोनमध्ये. तुमच्यासाठी उतरवून देतो, नावं आणि औषधं आपापली घाला:

“मला दोन ब्लड कॅन्सर आहेत : मल्टिपल मायलोमा (आयजीजी लॅम्डा) आणि सीएलएल (कॅपा). डॅराटुमुमॅब चालू आहे. रक्त चढवायचं असेल तर आधी रक्तपेढीला कळवा. अकॅलब्रुटिनिब चालू आहे. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर माझ्या रक्ततज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन पाहा. पांढऱ्या पेशी जास्त दिसतील, तो नेहमीचा आकडा मागच्या पानावर आहे. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा थंडी वाजून आली तर सकाळची वाट पाहायची नाही. पाय लुळे पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली तर त्याच तासाला मणक्याचा एमआरआय.”